मोटर गेली म्हणण्याआधी: ट्रेलरच्या इलेक्ट्रिक जॅकची दुरुस्ती आणि निगा

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पुढे असतो तो हाताने फिरवायचा जॅक खानदेशात लहान पोरांनाही माहीत आहे. हँडल फिरवलं की दांडी, म्हणजे गाडीला जोडायचा पुढचा भाग, वर, उलटं फिरवलं की खाली. आता भरीत-पुरीचे, ज्यूसचे, चायनीजचे फूड ट्रेलर तयार होऊन येतात, त्यांतल्या काहींच्या दांडीवर त्याच जागी बारा व्होल्टचा इलेक्ट्रिक जॅक बसवलेला असतो. बटण दाबलं की दोन-तीनशे किलोचं तोंड आपोआप उचललं जातं. सोय मोठी आहे. पण बंद पडला की नव्या मालकाला काही सुचत नाही, आणि दुकानात आल्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘मोटर गेली वाटतं भो.’

बहुतेक वेळा मोटर शाबूत असते. तिच्यापर्यंत वीज पोहोचलेली नसते, किंवा पोहोचलेल्या विजेला परत जायला वाट नसते. म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवा: बॅटरी, फ्यूज, अर्थ (विजेची परतीची जोडणी), स्विच, आणि सगळ्यात शेवटी मोटर व गिअर. क्रम सोडून कोणी थेट वरचं डोकं उघडायला घेतलं, तर चांगलं बसलेलं सील निघतं आणि पुढच्या पावसाळ्यात मोटर खरोखरच जाते.

आत काय असतं

वरच्या प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या टोपणाखाली छोटी डीसी मोटर असते. तिचा वेग गिअर कमी करतात आणि जोर वाढवतात. गिअर एक लांब उभा स्क्रू फिरवतो, स्क्रूवर नट असतो, नट आतल्या पाइपाला पक्का असतो. स्क्रू फिरला की आतला पाइप बाहेरच्या पाइपातून खाली उतरतो किंवा वर चढतो. सगळा भार स्क्रूच्या वरच्या टोकाशी असलेल्या बेअरिंगवर येतो. स्विचचं काम एवढंच, की मोटरला मिळणारे प्लस-मायनस अदलाबदल करायचे. त्यामुळेच मोटर उलटसुलट फिरते. पाइप टोकाला पोहोचल्यावर काही जॅक लिमिट स्विचने थांबतात, काहींत क्लच असतो आणि तो कट-कट आवाज करतो. टोकाला आलेला कट-कट आवाज ठीक आहे. मधेच आला तर भार जास्त आहे किंवा गिअर झिजलाय.

बाजारात मिळणारे पुष्कळसे जॅक ३५०० पाउंडांचे, म्हणजे सुमारे १५८८ किलोंचे असतात. हा आकडा पूर्ण ट्रेलरचा नाही, दांडीवर येणाऱ्या वजनाचा आहे. साधारणपणे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन दांडीवर येतं. दोन टनांच्या ट्रेलरला ते दोनशे ते तीनशे किलो होतं. म्हणजे जॅकला ताकद भरपूर आहे. तो धापा टाकत असेल तर वजनाला दोष देण्याआधी विजेकडे बघा.

हात लावण्याआधी

ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच तपासणी करा. कपलर (दांडीच्या टोकाची खोबण) गाडीच्या मागच्या बॉलवर बसून लॉक झालेला असला की जॅकवर भार राहत नाही आणि दांडी पायावर पडायची भीती जाते. तरीही दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी (अडसर) लावा. कोणत्याही कारणाने ट्रेलर सुटा असेल, तर दांडीखाली घोडी किंवा भक्कम लाकडी ओंडके रचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर दांडीखाली हातपाय घालू नका.

फूड ट्रेलरमध्ये गॅसचं सिलिंडर बऱ्याचदा दांडीवरच, जॅकच्या शेजारी बसवलेलं असतं. बॅटरीच्या वायरी जोडताना ठिणगी उडतेच. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, शक्य असेल तर सिलिंडर काढून लांब ठेवा, वास येतोय का बघा, मगच पुढे चला.

आणि व्होल्टेज. पिकअप, जीप आणि ट्रॅक्टर यांची बॅटरी १२ व्होल्टची असते, पण मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. हायवेवर थांबवून ओळखीच्या ट्रकवाल्याकडून जंपर घेतला, तर जॅकची मोटर जोरात फिरेल आणि लगेचच धूर काढेल.

पायरी १: बॅटरी

मल्टिमीटर नसेल तर घ्या, साधा चालतो. पूर्ण चार्ज झालेली आणि थोडा वेळ आराम मिळालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी संपली. पण नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मीटर बॅटरीवर लावून ठेवा आणि दुसऱ्याला जॅकचं बटण दाबायला सांगा. आकडा १०.५ च्या खाली कोसळला, तर बॅटरी किंवा तिचं टर्मिनल कच्चं आहे.

फूड ट्रेलरवाल्यांची नेहमीची गोष्ट अशी: संध्याकाळभर त्याच बॅटरीवर एलईडी पट्ट्या, पंखा, गाण्याचा स्पीकर. रात्री साडेअकराला धंदा आवरून दांडी उचलायला जावं, तर जॅक हं-हं करून गप्प. त्यात बिघाड काही नसतो. पिकअपच्या बॅटरीवरून जंपर केबल लावा, काम होईल. आणि उद्यापासून दिव्यांना वेगळी बॅटरी द्या.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर मायनस आधी काढा, मग प्लस. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, तारेच्या ब्रशने चमकवा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन लावा. जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी.

पायरी २: फ्यूज आणि वायर

बॅटरीजवळच्या लाल वायरीवर साधारणपणे ३० अँपिअरचा फ्यूज असतो. त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेले ट्रेलर मी पाहिले आहेत. तेलाची कढई आणि गॅस असलेल्या गाडीत हे करणं म्हणजे आगीला आवतण. उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी दांडीच्या धारेवर घासून सोललेली आहे, ती शोधा. बहुधा ए आकाराच्या दांडीच्या कोपऱ्यात, जिथे वायर भोकातून बाहेर येते तिथेच सापडते. भोकाला रबरी ग्रोमेट नसेल तर बसवा.

फ्यूज शाबूत दिसला तरी होल्डर बाहेर काढून बघा. प्लास्टिक तपकिरी होऊन वितळल्यासारखं झालं असेल, तर पकड ढिली आहे आणि तिथेच वीज तापून वाया जातेय.

वायरीच्या जाडीवर थोडं थांबतो, कारण इथे जुगाड फार होतात. भाराखाली जॅक सहज वीस-पंचवीस अँपिअर ओढतो. घरच्या फिटिंगची उरलेली दीड स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) वायर पाच मीटर टाकली, तर पंचवीस अँपिअरला जवळपास दीड व्होल्ट त्या वायरीतच संपतो, शिवाय वायर तापते. सहा स्क्वेअरची टाकली तर तेच नुकसान अर्ध्या व्होल्टच्या आत राहतं. कारखान्यातून आलेली वायर बदलायची वेळ आली तर सहा स्क्वेअरच घ्या, तीही ऑटोमोबाइलची, बारीक तारांची. थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) पक्कडने दाबू नका, क्रिम्पिंग प्लायरने दाबा आणि वरून हीट-श्रिंक चढवा.

पायरी ३: अर्थ, म्हणजे खरी गोम

बऱ्याच जॅकमधून एकच वायर बाहेर येते, प्लसची. मायनसचा परतीचा रस्ता जॅकच्या अंगातून, तीन बोल्टांतून, दांडीतून आणि चेसिसमधून बॅटरीपर्यंत जातो. आता दांडी बघा. तिला जाड पावडर कोटिंग किंवा रंग. जॅकच्या फ्लँजलाही, म्हणजे दांडीवर बोल्टांनी बसणाऱ्या पट्टीलाही, रंग. या दोघांच्या मधे वीज जायला जागा कुठे आहे? फक्त बोल्टाच्या आट्यांत आणि वॉशरखाली जिथे रंग खरवडला गेलाय तेवढ्या कडेवर. बोल्ट काढून वॉशर उलटा करा, बहुतेक वेळा तपकिरी गंजाचं एक कडं दिसेल. नवा असताना जॅक चालतो, पहिल्या पावसाळ्यानंतर मंद होतो, दुसऱ्यानंतर थांबतो. मालक म्हणतो मोटर म्हातारी झाली.

खात्री करायला जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं जॅकच्या अंगावर, रंग नसलेल्या लोखंडाला लावा. बटण दाबा. जॅक एकदम पळायला लागला, तर दोष सापडला. मीटरने बघायचं असेल तर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल जॅकच्या अंगाला, आणि जॅक भाराखाली चालू असताना आकडा वाचा. ०.२ च्या आसपास असेल तर उत्तम. ०.५ च्या वर गेला तर अर्थ कच्चा.

दुरुस्ती अशी. ट्रेलर गाडीला जोडलेला, बॅटरीचा मायनस काढलेला. तिन्ही बोल्ट एकदम काढू नका, एकेक काढा. बोल्टाभोवतीचा रंग दांडीवर आणि फ्लँजवर एमरी पेपरने खरवडून लोखंड उघडं करा, नाण्याएवढं पुरे. दातेरी स्टार वॉशर घाला, म्हणजे तो उरलासुरला रंग फोडून लोखंडात रुततो. बोल्ट घट्ट करा आणि मग बाहेरून रंगाचा हात फिरवा किंवा ग्रीस लावा, नाहीतर उघडं लोखंड पुन्हा गंजेल.

माझा सल्ला विचाराल तर एवढ्यावर थांबू नका. एका बोल्टाखाली रिंग थिंबल घालून सहा स्क्वेअरची काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. खर्च किरकोळ आहे आणि चेसिसच्या गंजाची चिंता कायमची जाते. जॅकमधून मुळात दोन वायरी आल्या असतील, तर काळी वायर चेसिसला कुठे स्क्रू मारून सोडली आहे का ते बघा. तोही स्क्रू असाच गंजलेला असतो.

पायरी ४: स्विच

वीज आणि अर्थ दोन्ही चांगले, तरीही जॅक एकाच दिशेला चालतो किंवा बटण हलवल्यावर कधी चालतो कधी नाही, तर संशय स्विचवर. आता डोकं उघडायला हरकत नाही. बॅटरीचा मायनस काढा, टोपणाचे स्क्रू सोडा. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, वायरी काढण्याआधी पुन्हा काढा.

मोटरला जाणाऱ्या दोन वायरी स्विचपासून सुट्या करा. बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या वायरीने त्यांना क्षणभर वीज द्या, मग प्लस-मायनस बदलून द्या. दोन्ही बाजूंनी मोटर नीट फिरली तर मोटर ठणठणीत, स्विच बदला. लिमिट स्विच असलेल्या जॅकमध्ये या चाचणीत तो मधून वगळला जातो, म्हणून पाइप टोकाला न्यायचा नाही, नुसता टिचकीभर फिरवायचा.

नवा स्विच घेताना अँपिअर बघा. दिव्यांसाठीचा पाच-सहा अँपिअरचा स्विच दिसायला तसाच असतो, पण आठवड्यात जळतो.

पायरी ५: मोटर आणि गिअर

थेट वीज देऊनही मोटर गप्प असेल, तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश) संपले असतील किंवा आत पाणी जाऊन आर्मेचर, म्हणजे तो फिरता भाग, गंजलं असेल. सेल्फ-डायनामो दुरुस्त करणारा कारागीर हे काम डोळे झाकून करतो. जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव कुठेही असं दुकान सापडेल. त्याला पूर्ण जॅक न देता मोटर काढून द्या.

मोटर फिरतेय, आवाज येतोय, पण पाइप हलत नाही? मग शाफ्टमधली पिन तुटली आहे किंवा गिअरचे दात गेले आहेत. पिन बदलताना खिळा ठोकू नका. काही जॅकमध्ये ती पिन मुद्दाम नरम ठेवलेली असते, जास्त भार आला की ती तुटावी आणि गिअर वाचावा म्हणून. त्याच मापाची, त्याच प्रकारची पिन घ्या.

करकर आवाज आणि धक्के असतील तर वंगण संपलंय. पाइप पूर्ण बाहेर काढा, जुनं ग्रीस डिझेलने धुऊन काढा, कोरडं करा, स्क्रूवर आणि वरच्या बेअरिंगला लिथियम ग्रीस लावा. आतला पाइप वाकला असेल तर मात्र हातोडा आणि गॅस-वेल्डिंगच्या नादी लागू नका. सरळ दिसला तरी आत घासत राहतो आणि मोटर जाळतो.

बंद पडला तरी ट्रेलर हलवायचा आहे

डोक्याच्या वर किंवा बाजूला एक रबरी बूच असतं. ते काढलं की आत षटकोनी टोक दिसतं, तिथे सोबत आलेला हँडल बसतो. हाताने फिरवा, वेळ लागेल पण दांडी उचलली जाईल. ड्रिल मशीन किंवा इम्पॅक्ट गन लावायचा मोह टाळा, गिअरचे दात त्यानेच जातात. हँडल दुकानात टांगून ठेवू नका, ट्रेलरमध्येच बांधून ठेवा. आणि बूच परत बसवा! कितीतरी जॅकमध्ये पाणी शिरतं ते याच भोकातून, कारण बूच एकदा काढलं ते खिशातून हरवलं.

खानदेशातलं ऊन, माती आणि पाऊस

पुस्तिकेत लिहिलेलं असतं की जॅक पावसापासून जपा. आपल्याकडे नासधूस त्याआधीच, उन्हाळ्यात सुरू होते. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात वरचं प्लास्टिक ठिसूळ होतं, स्विचवरची रबरी टोपी तडकते, टोपणाखालचं पॅकिंग आखडतं. हे सगळं कोरड्या दिवसांत लक्षात येत नाही. मग मृग बरसतो आणि त्याच बारीक भेगांतून पाणी आत जातं. म्हणून तपासणीचा मुहूर्त मे अखेरचा, पाऊस पडण्याआधीचा. रबरी टोपी बोटाने दाबून बघा, भेग उघडली तर बदला. टोपणाच्या कडेने सिलिकॉनची बारीक रेघ ओढा, पण खालच्या बाजूला पाणी निथळायचं भोक असेल तर ते बुजवू नका.

झाकण म्हणून रेक्झिनचा टोप शिवून घ्या. ट्रॅक्टरच्या सीट किंवा ताडपत्री शिवणारा कोणीही तासाभरात शिवून देईल. फिक्या रंगाचा घ्या, खालून उघडा ठेवा, नाडी सैल बांधा. प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळून बांधली तर आत घाम धरतो आणि गंज आतूनच सुरू होतो. काही लोक रंगाची रिकामी बादली उलटी घालतात. दिसायला कशीही दिसो, काम चोख करते.

काळ्या मातीचं दुखणं वेगळं आहे. बाहेर दिसणाऱ्या चकचकीत पाइपावर लोक प्रेमाने जाड ग्रीस फासतात. त्यावर कापसाच्या वावरातली धूळ बसते, पाइप वर जाताना ती आत ओढली जाते, आणि ग्रीस-मातीचा तो लगदा सीलला आणि पाइपाला पॉलिश पेपरासारखा घासत राहतो. जाड ग्रीस आतल्या स्क्रूला. बाहेरचा पाइप फडक्याने पुसून त्यावर सिलिकॉन स्प्रेचा हलका हात, बास.

पावसाळ्यात ओल्या काळ्या जमिनीत जॅकचा पाय सरळ खाली जातो. बटण दाबताय, पाइप उतरतोय, दांडी मात्र तिथेच. सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठच्या मऊ जमिनीवर दुकान लावणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. दीड-दोन फूट लांबीची बाभळीची जाड फळी सोबत ठेवा आणि पाय नेहमी तिच्यावर टेका. फळीने अजून एक फायदा होतो: पाइप कमी बाहेर काढावा लागतो, आणि जेवढा तो कमी बाहेर, तेवढा वाकण्याचा धोका कमी.

निघण्याआधी पाइप पूर्ण वर घेतलाय का, पायाची पिन काढून तोही वर सरकवलाय का, हे वाकून डोळ्यांनी बघा. गावोगावचे गतिरोधक आणि रेल्वे फाटकं जॅकचा पाय सोडत नाहीत. जॅक टेकलेला असताना ट्रेलर ढकलून जागा बदलणं हेही पाइप वाकण्याचं ठरलेलं कारण आहे.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा जॅकच्या डोक्यावर मारू देऊ नका, त्या जोरापुढे कोणतंही सील टिकत नाही. आणि ट्रेलरला वेल्डिंग करायचं असेल, ब्रॅकेट असो वा सिलिंडरची जाळी, आधी बॅटरी आणि जॅकची वायर दोन्ही सोडवा. वेल्डिंगचा करंट जवळची वाट शोधतो, आणि ती जॅकच्या बेअरिंगमधून किंवा तुमच्या बारीक अर्थ वायरीतून जाऊ शकते.

जॅक महिनोन्‌महिने उभा राहणार असेल, तर महिन्यातून एकदा तो पूर्ण खाली-वर करा. सलग अनेकदा मात्र नको. मोटर थोड्या वेळाच्या कामासाठी बनवलेली असते. हाताला गरम लागली की गार होऊ द्या.

नवा घ्यावा कधी

पाइप वाकलेला, गिअरबॉक्सचं अंग तडकलेलं किंवा गिअर आणि मोटर दोन्ही गेलेले असतील, तर दुरुस्तीत पैसे घालू नका. मागवण्याआधी तीन मापं टेपने घ्या: दांडीच्या भोकात जाणाऱ्या बाहेरच्या पाइपाचा व्यास, जो बहुधा सव्वादोन इंच असतो, तीन बोल्टांच्या भोकांमधली अंतरं, आणि दांडी टेकवायला पाइप किती इंच उतरावा लागतो ते. शेवटचं माप भरलेल्या ट्रेलरवर, सिलिंडर आणि पाण्याची टाकी जागेवर असताना घ्या. रिकामा ट्रेलर स्प्रिंगवर उंच बसतो आणि माप चुकतं.